पोहे तेवढे राहिले

ताकाशी मिइकेंचा 'ऑडिशन' 2000 साली रॉटरडॅमच्या महोत्सवात लागला, तेव्हा शेवट सोसवेना म्हणून प्रेक्षक उठून गेले. सुया, तार, कापलेला पाय. आमच्या सातारा-सांगलीकडचा प्रेक्षकही तिथे डोळे झाकेलच, पण पहिला तासभर त्याला चित्रपट निव्वळ घरगुती वाटेल. विधुर गृहस्थ, पुन्हा लग्नाची इच्छा. समोर एकेक मुलगी बसवायची, शिक्षण विचारायचं, छंद विचारायचे, पसंत पडली तर कळवायचं. यात भयपट कुठला?

आता इकडे बघायलाच मुली मिळत नाहीत, अशी तक्रार आहे. या टंचाईची पटकथाही इथलीच. 2011 च्या ऑक्टोबरात सातारा जिल्ह्यात 285 'नकुशीं'ना समारंभपूर्वक नवी नावं दिली. मार्च 2017 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळला पुरलेले 19 भ्रूण सापडले. थोडी हळहळ झाली, थिएटर काही रिकामं झालं नाही.

मुलाकडचे म्हणतात, हल्ली मुलींच्या अपेक्षा फार वाढल्यात. चित्रपटात पसंत पडलेली मुलगी, आसामी, एकच अपेक्षा सांगते : प्रेम फक्त माझ्यावर करा. तीही यांना जास्तच वाटेल.