गुंठेराव

शनिवारी सकाळी सातच्या सुमारास वडखळच्या नाक्यावर उभे राहा, गुंठेराव हमखास भेटतील. ओळखायला सोपे. गाडी धुतलेली, मागच्या काचेतून डोकावणारं एखादं रोप, डिकीत कुदळ; तिच्या दांड्यावरचं किमतीचं लेबल अजून निघालेलं नाही. डोक्यावर गोल टोपी, पायात गमबूट, आणि टपरीच्या बाकावर पसरलेला आलेखाचा कागद. वडापाव त्या कागदावर ठेवायचा नसतो. ठेवलात तर तुम्ही त्यांच्या चिकूंवर ठेवलेला असतो.

पनवेलपासून खड्डे खात आल्याने त्यांचा एक हात कमरेवर असतो, पण तोंडात तक्रार नसते. मुंबई-गोवा महामार्गाच्या या टप्प्याचं रुंदीकरण 2011 मध्ये सुरू झालं. ते अजून संपत नाही याचं अख्ख्या कोकणाला दुःख आहे, एकटे गुंठेराव सोडून. "रस्ता पूर्ण झाला असता तर या भावात जागा मिळाली असती का?" असं ते विचारतात. अटल सेतू झाल्यापासून तर ते जागेचं अंतर किलोमीटरमध्ये सांगतच नाहीत, मिनिटांत सांगतात. ती मिनिटं दलालाने दिलेली असतात.

गुंठामंत्री आपल्याला माहीत आहेत. जमीन विकून गळ्यात साखळी घालणारे. गुंठेराव हे त्या साखळीचे पैसे भरणारे गिऱ्हाईक. बँकेतून, विम्यातून नाहीतर पालिकेतून निवृत्त झालेले, राहायला खारघर, ठाणे किंवा डोंबिवली, आणि पेण ते रोहा या पट्ट्यात कुठेतरी पाच गुंठे. "आता विकतची भाजी बंद" अशी घोषणा त्यांनी निरोप समारंभाच्या भाषणातच केलेली असते. फंडाचे पैसे यायच्या आधी.

पण शेती करायच्या आधी माणसाने शेतकरी असावं लागतं, नुसती इच्छा असून भागत नाही. कुळकायद्याचं कलम 63 आडवं येतं. मग गुंठेराव मूळ गावी जातात, आयुष्यात न पाहिलेल्या चुलत्यांच्या पाया पडतात आणि आजोबांच्या सातबाऱ्यावर सत्तावीस वारसांत आपलं नाव लावून घेतात. वाट्याला येते अदमासे एका म्हशीला बसता येईल एवढी जागा, पण दाखला मिळतो. दुसरा अडथळा 1947 च्या तुकडेबंदी कायद्याचा. पाच गुंठ्यांचा सुटा तुकडा शेतजमीन म्हणून नावावर होत नाही, म्हणून आठ जण मिळून एक एकर घेतात. सातबाऱ्यावर आठ नावं. गुंठेरावांचे पाच गुंठे कुठून कुठपर्यंत, हे सरकारच्या कोणत्याही नकाशात नाही. ते चुना लावलेल्या चार दगडांवर आहे. त्यातला एक दगड दर पावसाळ्यात थोडा सरकतो. शेजारचा भागीदार मोजणी आणायला तयार नसतो, कारण दगड त्याच्या सोयीने सरकतो.

इतकं झालं की आराखडा सुरू होतो. खरा गुंठेराव इथे दिसतो.

मला तो कागद नीट पाहायला मिळाला आहे. डाव्या कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण. हिरव्या पेन्सिलीने आंबे, तपकिरीने चिकू, फणसाला जांभळा, कारण तपकिरी संपला. हापूस 12, केशर 4, रत्ना 2 (नीलम आणि हापूस यांचा हा संकर दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढला, हे गुंठेराव आपणहून सांगतात), चिकू 4, फणस 2, नारळ 10, मध्ये केळी, कडेने सुपारी, सुपारीवर मिरी. दक्षिणेला भाजीचे वाफे: भेंडी, वांगी, टोमॅटो, पालक, ब्रोकोली. ब्रोकोली मुलीसाठी, ती पुण्यात असते. शिवाय विहीर, झोपाळा, दोन खोल्या आणि "गाय (पुढे बघू)".

आता हिशेब असा. गुंठा म्हणजे 33 फूट बाय 33 फूट, 1089 चौरस फूट, मीटरमध्ये दहा बाय दहाच्या किंचित वर. हापूसची पूर्वापार लागवडही दहा बाय दहा मीटरवर होते. म्हणजे एका गुंठ्यात एक आंबा. पाच गुंठ्यांत पाच आंबे, आणि झोपाळा बांधायचा तो त्यातल्याच एकाला. घन लागवड केली तरी अठरा आंबे, चार चिकू आणि विहीर मावत नाही. ही गोष्ट गुंठेरावांना कोणी सांगितली नाही असं नाही. पेणच्या रोपवाटिकेवाल्याने सांगितली. गुंठेरावांनी ती ऐकली, "हं" म्हणाले आणि कागदावरचे गोल लहान काढले.

त्यांच्या कपाटात शेतीची पुस्तकं आहेत आणि ती त्यांनी वाचलेलीही आहेत. प्रयोग परिवाराच्या श्री. अ. दाभोळकरांनी दहा गुंठ्यांत एका कुटुंबाचं भागू शकतं असं मांडलं. त्यात कुटुंबाने स्वतः राबायचं, ऊन मोजायचं, पाल्यापाचोळ्याची माती करायची, हे सगळं आहे. गुंठेरावांनी त्रैराशिक मांडलं: दहात पूर्ण, तर पाचात अर्धं, म्हणजे भाजी-फळं घरची, तांदूळ तेवढा विकतचा. सुभाष पाळेकरांच्या जीवामृतालाही हेच त्रैराशिक. एकरी दहा किलो शेण, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, दोनशे लिटर पाणी. एकराचा आठवा हिस्सा म्हणजे शेण सव्वा किलो, गूळ पाव किलो, बेसन पाव किलो. सव्वा किलो शेण काट्यावर मोजून देणारा गवळी काही मिळाला नाही. आणि पाव किलो बेसन शेणात कालवायला वहिनींनी साफ नकार दिला. त्या दिवशी पाऊस होता, भजी झाली.

फारच टोकलं तर ते चिंतामणराव देशमुखांचं नाव काढतात. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, रोह्याच्या कॉलेजला ज्यांचं नाव आहे ते. "त्यांनासुद्धा झाडांचं वेड होतं." खरं आहे, देशमुखांना केंब्रिजमध्ये वनस्पतिशास्त्राचं पारितोषिक मिळालं होतं. गुंठेरावांचा आणि त्यांचा समान धागा बँकेचा.

पेणचे गुंठेराव आणि रोह्याचे गुंठेराव यांच्यात थोडा जातीचा फरक आहे. पेणचा गुंठेराव स्वस्तात मिळतं म्हणून खारेपाटात उतरतो. जागा सपाट, लांबवर खाडी, वारा छान. उधाणाच्या भरतीला बांध फुटला की खारं पाणी शेतात शिरतं आणि मग भातसुद्धा दोन-तीन वर्षं धड येत नाही, हे त्याला खरेदीखतानंतर कळतं. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने खाऱ्या मातीत तग धरणाऱ्या भाताच्या जाती काढल्या आहेत. ब्रोकोलीची अजून निघालेली नाही. पाण्याची गंमत तर विचारू नका. हेटवणे धरण पेण तालुक्यात, त्याचं पाणी जातं नवी मुंबईला. खारघरचा गुंठेराव आठवडाभर घरी हेटवण्याच्या पाण्याने अंघोळ करतो आणि शनिवारी पेणला येऊन पाणी कुठे मिळेल म्हणून विचारत फिरतो. ज्यांना तो विचारतो त्या खारेपाटातल्या बायका स्वतः टँकरची वाट बघत असतात. त्या काय उत्तर देतात ते इथे छापण्यासारखं नाही.

रोह्याचा गुंठेराव पाण्याच्या बाबतीत स्वतःला शहाणा समजतो. भिऱ्याच्या वीजघरातून सुटलेलं पाणी कुंडलिकेत येतं, डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून कालव्यांत जातं, त्यावर कोलाड-रोह्याकडची शेतं उन्हाळ्यातही हिरवी दिसतात. दलालाने नेमकी तीच शेतं दाखवलेली असतात. "कालवा दोनशे मीटरवर." अंतर खरं असतं. जागा फक्त कालव्याच्या वरच्या अंगाला असते.

मे महिन्यात खड्डे. कागदावर एक बाय एक बाय एक मीटर, तळाशी पालापाचोळा, वर शेणखत. जमिनीत दीड फुटावर कातळ लागला. खणणाऱ्या माणसाने पहार टेकली, घाम पुसला आणि "साहेब, कागदावर दगड लिवलाय का?" असं विचारलं. लिहिला नव्हता. मग खड्डे उथळ झाले, कलमं लागली, प्रत्येकापुढे लॅमिनेट केलेली पाटी ठोकली: हापूस 1, हापूस 2, हापूस 3.

शेजारच्या वाडीतले एक दादा बांधावर बसून हे बघत होते. "साहेब, तिकडच्या अंगाला पावसाचं पाणी थांबतं. आंब्याला नाय चालायचं," एवढंच म्हणाले. गुंठेरावांनी त्यांना जमिनीचा उतार कसा काढतात ते समजावून सांगितलं. दादांनी ऐकून घेतलं. त्यांच्या चार पिढ्या त्या उतारावर भात लावत आल्या होत्या. ही जमीनही मूळ त्यांच्याच चुलत्याची.

रायगडात जून ते सप्टेंबर तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. या चार महिन्यांत गुंठेराव जागेवर जात नाहीत. रस्ता चिखलाचा, गाडी रुतते. ते घरी बसून आराखड्याची सुधारित आवृत्ती काढतात. दसऱ्याला गेले तर गवत छातीइतकं. कलमं कुठे दिसेनात, पाट्या मात्र एकूण एक जागेवर. हापूस 1 ते 5 पाण्याने कुजले, 6 ते 9 मोकाट गुरांनी खाल्ले, पपया वानरांनी नेल्या, सुरण रानडुकरांनी उकरला. वाचलेल्या झाडांत एक आपोआप उगवलेलं पेरूचं होतं. त्याला पाटी नव्हती.

गुंठेराव खचले नाहीत. हे त्यांच्याबद्दल कोणीही मान्य करावं. त्यांनी तिथेच बोनेटवर कागद पसरला आणि हापूसचे बारा गोल खोडून तिथे "ड्रॅगन फ्रूट" लिहिलं.

त्याच मुक्कामात त्यांनी मजूर लावून गवताबरोबर एक वास येणारं झुडूप मुळासकट काढायला लावलं. दादा धावत आले. "ती भांबुर्डी हाय, ठेवा थोडी." गुंठेरावांनी फोनवर बघून ते तण असल्याचं सिद्ध केलं. मग दादांनी दुसरंच विचारलं. जागा रिकामीच आहे तर ओल आहे तोवर वाल टाकू का? गुंठेराव म्हणाले, टाका. आराखड्यात वाल नव्हता.

भात निघाल्यावर मागे राहिलेल्या ओलीवर कडवा वाल येतो. त्याला ठिबक लागत नाही, जीवामृत लागत नाही, रोज फोटो काढावा लागत नाही. जानेवारीत गुंठेरावांच्या पाचही गुंठ्यांत शेंगा लोंबत होत्या. मग त्यांनी सगळ्या मित्रमंडळाला पोपटीचं आमंत्रण दिलं.

पोपटी दादांनीच लावली. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला चोळलेली कोंबडी, वर पुन्हा शेंगा आणि तोंडाशी पाला दाबून बसवलेला. पाण्याचा थेंब नाही. मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा आणि काटक्या पेटवल्या. अर्ध्या तासाने दादांनी मडक्यावर पाणी शिंपडलं, ते चर्र करून उडालं तेव्हा "झाली" म्हणाले. पाला त्यांना दुसऱ्याच्या बांधावरून आणावा लागला होता. गुंठेराव त्या वेळी मंडळींना आराखडा समजावत होते आणि शेंग सोलणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, "घरची आहे हं, घरची!" दादा हसले. खोटं काहीच नव्हतं, सातबारा गुंठेरावांचाच.

पावसाळ्यातली हकिगत मात्र अजून त्यांच्यापर्यंत पोचलेली नाही. जुलैत त्या जागेत टाकळा आणि कुरडू माजतो, आणि पलीकडच्या कातकरी वाडीतल्या बायका तो खुडून वाटे लावून महामार्गाकडेला विकतात. गाडी आत नेता येत नाही म्हणून गुंठेराव तिथूनच परत फिरतात, आणि जाताना "इकडची रानभाजी म्हणजे शंभर टक्के सेंद्रिय" म्हणत दोन वाटे घेतात. भावात घासाघीस करून. त्यांना हे सांगायचं नाही असं वहिनींचं आणि माझं ठरलं आहे.

तुमच्या ओळखीत असे गुंठेराव असतीलच. त्यांनी बोलावलं तर जून ते सप्टेंबर काहीतरी सबब सांगा. एप्रिल-मेमध्ये पाण्याचा कॅन घरून न्या. जानेवारीत मात्र बिनदिक्कत जा. कोंबडी पेणहून घ्या, मडकं आणि शेंगा तिथे आहेत. आराखडा बघावाच लागेल. तो जेवणाआधी बघून घ्या, पोपटीनंतर डोळे मिटतात आणि त्यांना वाईट वाटतं. आणि निघताना पैसे द्यायचे ते दादांच्या हातात द्या.