टब आला, घासणी राहिली

गार पाण्यात बसायला कुणी पैसे मोजेल, असं वीस वर्षांपूर्वी नारायणगावच्या एसटी स्टँडवर एखाद्यानं म्हटलं असतं, तर लोकांनी त्याला आधी चहा पाजला असता आणि मग त्याच्या घरी निरोप धाडला असता. या भागात गारठा फुकट मिळतो. पौषात पहाटे पारा असा घसरतो की द्राक्षबागायतदार मणी वाचवायला बागेत शेकोट्या पेटवून बसतात. माघस्नान तर ‘कोल्ड प्लंज’ या शब्दाच्या कितीतरी आधीचं. पण माघस्नान करणारा काकडत घरी यायचा आणि गुपचूप चुलीपुढे बसायचा, आपल्या पुण्याचा व्हिडिओ टाकायचा नाही. आता काळ पुढे गेला. जुन्नरला शासनानं 2018 साली पर्यटन तालुका केलं, माळशेजच्या वाटेवर फार्महाऊसं उभी राहिली, आणि अशा एखाद्या फार्महाऊसच्या ओट्यावर चारशे लिटरचा गार पाण्याचा टब येऊन बसला तर कुणी मान वळवूनही बघणार नाही. टबाच्या माहितीपत्रकात टब असतो, पाण्यावरचं धुकं असतं, पिळदार खांद्यांचा एक इसम डोळे मिटून बसलेला असतो. घासणी कुठेच नसते. विचारलंच तर उत्तर तयार: ‘मेंटेनन्स काहीच नाही.’ या ‘काहीच नाही’मध्ये काय काय आहे, तेवढंच आज पाहायचं. गार पाण्यानं तब्येत सुधारते का, हा वाद मी मुद्दाम बाजूला ठेवतो. व्यायाम संपल्या संपल्या दर वेळी गार पाण्यात बसणाऱ्यांचे स्नायू कमी वाढले, असं 2015 साली ‘जर्नल ऑफ फिजिऑलॉजी’त छापून आलेल्या एका अभ्यासात दिसलं होतं, एवढं पिळदार खांदेवाल्यांच्या कानावर घालतो. हृदयाचं किंवा रक्तदाबाचं दुखणं असलेल्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय त्यात पाय घालू नये, हे सगळ्यांनाच सांगतो. आणि पुढे जातो.

टबवाल्यांचा पहिला आणि सर्वांत लाडका युक्तिवाद असा, की पाणी गार आहे म्हणजे त्यात जंतू होणारच कसे? ऐकायला हे शास्त्रीय वाटतं. पण फ्रिजमधलं परवाचं वरण हुंगलेल्या माणसाला हा युक्तिवाद पटायला नको. गारव्यानं जंतूंची वाढ मंदावते, ते मरत नाहीत. आणि गारव्यानं जंतूच मंदावतात असंही नाही, जंतूंना मारणारं क्लोरीनही मंदावतं. पाणी दहा अंशांनी उतरलं की त्याला त्याच कामाला साधारण दुप्पट ते तिप्पट वेळ लागतो. म्हणजे चोर आणि पोलीस दोघंही गारठलेले, आणि मालक समजतो गावात शांतता आहे. त्यात माणूस टबात एकटा उतरत नाही. सोबत घाम येतो, केसांचं तेल येतं, गुडघ्याला चोळलेला बाम येतो, अंगणातली माती येते. हे सगळं मिळून पाण्याच्या रेषेवर एक बुळबुळीत थर धरतं. डोळ्यांना तो दिसत नाही, बोट फिरवलं की कळतो. शेततळ्याच्या प्लास्टिकवरून ज्याचा पाय सटकलाय त्याला या थराची ओळख करून द्यायला नको. या थराच्या आड जंतू असे बसतात की वरून ओतलेलं औषध त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. तो थर फक्त घासल्यानं निघतो. ज्या घरात माठात नुसतं बोट बुडालं तरी आजी अख्खा माठ ओतून द्यायला लावते, त्याच घरात अख्खा माणूस पाण्यात बुडवून तेच पाणी पंधरा दिवस ‘क्रिस्टल क्लिअर’ म्हणून दाखवलं जातं, हा आजीवर अन्याय आहे.

गंमत अशी, की गार टाकी स्वच्छ कशी ठेवावी याचं ज्ञान जुन्नर-आंबेगाव या दोन तालुक्यांत घरोघर पडून आहे. ते परदेशी व्हिडिओत शोधायची गरज नाही, सकाळी सहा वाजता गावातल्या दूध संकलन केंद्रावर जाऊन उभं राहिलं तरी पुरे. मंचरजवळ अवसरी फाट्यावर पराग मिल्क फूड्सचा मोठा कारखाना आहे, गावोगावी डेअऱ्या आहेत, आणि दुधाचा बल्क कूलर म्हणजे दुसरं काय? स्टीलची टाकी, खाली कॉम्प्रेसर, आत चार अंशांचा गारवा. टबापेक्षा किती तरी गार. मग कूलरवाल्यानं ‘गार आहे, मेंटेनन्स काहीच नाही’ असं म्हणायला काय हरकत होती? पण टँकर दूध घेऊन गेला की तो पाण्याचा पाइप हातात घेतो. आधी साध्या पाण्यानं खळखळून धुणं, मग गरम पाण्यात धुण्याचा सोडा किंवा तसलंच क्षाराचं द्रावण घालून लांब दांड्याच्या ब्रशनं घासणं, त्यात कोपरे, झडप, ढवळायचा पंखा आणि झाकणाची आतली बाजू आलीच, आणि पुन्हा स्वच्छ पाणी. अधूनमधून आम्लाचं द्रावण, कारण दुधातले क्षार धातूवर दगडासारखे बसतात. हे आज केलं आणि उद्या सोडलं असं चालत नाही. एक दिवस चुकला तर दूध नासतं, दूध नासलं तर पैसे कापले जातात, आणि पैसे कापले गेले की घरात काय होतं ते सांगायला नको. टबाचा खरा घोटाळा इथे आहे. दूध नासलं की फाटतं, वास मारतं, ओरडून सांगतं. टबातलं पाणी नासलं तरी कित्येक दिवस गप्प बसतं, आणि मालक त्यात बसून खोल श्वास घेत असतो. म्हणून माझं म्हणणं इतकंच आहे, की गारवा विकत मिळतो, स्वच्छता ही रोजची मजुरी आहे, आणि ती कुणी करायची हे टब उतरवून घेण्याआधी ठरलं पाहिजे.

यावर संस्कृतीप्रेमी मंडळी उठून उभी राहतात. आमचे पूर्वज घोड नदीत, मीना-कुकडीच्या पात्रात डुंबले, तिथे कोण क्लोरीन टाकत होतं? बरोबर. पण नदी वाहते. तुमचा मळ ती पुढच्या गावाला देते आणि मागच्या गावाचा तुम्हाला, हा व्यवहार चालू असतो. टबाचं पाणी कुठेही जात नाही, ते तुमचंच तुम्हाला परत देतं. साठवलेल्या पाण्याचा दाखला हवा असेल तर तोही जवळच आहे. जुन्नरच्या डोंगरांत लेण्यांशेजारी कातळात खोदलेली पाण्याची टाकी जागोजाग आहेत, आणि सुमारे 2000 वर्षांपूर्वीच्या शिलालेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटलंय. त्यांतल्या कित्येकांचं तोंड लहान आणि पोट मोठं. ऊन आत शिरत नाही म्हणून शेवाळ कमी, पाचोळा पडत नाही म्हणून गाळ कमी, आणि सावलीतला कातळ पाणी आपोआप गार ठेवतो. टबाच्या देखभालीचं अर्धं शास्त्र या एका आकारात आलं: झाकण ठेवा आणि सावलीत ठेवा. शिवनेरीवरच्या गंगा-जमुना टाक्यांचं पाणी भर उन्हाळ्यातही दातांना झिणझिण्या आणतं, आणि त्याला वीजबिल येत नाही. गडाचं पाणी जपून राखावं अशी ताकीद रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात दिली, ती गडकऱ्यांना दिली. गडावर त्या काळी ‘मेंटेनन्स काहीच नाही’ असं म्हणणारा विक्रेता पोचला असता तर त्याचं काय झालं असतं, याची कल्पना वाचकांनीच करावी. पण पोढीलाही फुकटची पुण्याई नव्हती. आजही गडसंवर्धनाची पोरं उन्हाळ्यात टाक्यांत उतरून घमेल्यांनी गाळ उपसतात, तेव्हा कुठे पाण्याला तळ दिसतो. नाणेघाटात एका पोढीच्या लेखात सोपाऱ्याच्या दात्याचं नाव कोरलेलं आहे. दान देणाऱ्याचं नाव राहिलं, गाळ काढणाऱ्याचं कुठेच कोरलेलं नाही, आणि टबाच्या बाबतीतही हीच परंपरा निष्ठेनं पुढे चालू आहे. (त्याच घाटाच्या तोंडाशी जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण आहे. एका माणसाला बसायला अगदी बेताचा. अजून कुणी त्याचा टब केला नाही, हे आपलं नशीब.)

यंत्रावर श्रद्धा असलेल्यांचं म्हणणं वेगळं असतं. त्यांच्या टबाला फिल्टर आहे, अतिनील किरणांचा दिवा आहे, ओझोन आहे, घासायचं कशाला? दिवा खोटा नसतो, पण त्याच्यासमोरून जाईल तेवढ्याच पाण्याला तो लागू पडतो. टबाच्या कडेला चिकटून बसलेला थर काही दर्शनाला रांगेत येत नाही. ओझोन काम करून विरून जातो, पाण्यात मागे पहारेकरी म्हणून थांबत नाही. फिल्टरची घडीदार जाळी आठवड्याला काढून धुतली नाही तर तीच घाणीचं गोदाम होते. आणि ही सगळी यंत्रं विजेवर चालतात, या एका वाक्यावर जुन्नर-आंबेगावातला वाचक स्वतःच हसेल. दिवसातून काही तास वीज गेली आणि टब बंद पडला, की एप्रिलच्या उन्हात ते पाणी कोमट व्हायला किती वेळ लागतो? मालक पुण्या-मुंबईला, यायचा शनिवारी. झाकण अर्धं उघडं. डेंग्यूचा डास अगदी अशाच साठलेल्या, वरवर स्वच्छ पाण्याच्या शोधात असतो, आणि अंड्यापासून उडता डास व्हायला त्याला आठ-दहा दिवस पुरतात. आरोग्य खातं वर्षानुवर्षं आठवड्यातला एक दिवस कोरडा पाळा म्हणून सांगतंय ते याचसाठी. त्यातही नुसतं पाणी ओतून भागत नाही, कारण अंडी पाण्याच्या रेषेवर भिंतीला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात. पुन्हा घासणीच. आपण कुठूनही निघालो तरी तिच्याच दारात येऊन उभे राहतो.

काहींनी विजेची कटकटच मोडीत काढली आहे. ते बर्फ आणतात. साधा हिशेब आहे: चारशे लिटर पाणी 28 अंशांवरून 10 अंशांवर आणायला जवळपास 80 किलो बर्फ लागतो. एका डुबकीला. शिवाय राज्यात 2018 पासून खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालायचा नियम आहे. म्हणजे निळी लादी आणली तर ज्या पाण्याला सरकारी नियम ‘तोंडात घालू नका’ म्हणतो, त्यातच तोंड बुडवायचं.

मग सोपं काय? सोपं तेच, जे ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक करतो, आणि ज्याच्याकडे फार्महाऊसवाल्यांनी आजवर बघितलंही नसेल. त्याच्याकडे टीसीएलची, म्हणजे ब्लीचिंग पावडरची, पिशवी असते आणि क्लोरीन तपासायच्या ओटी टेस्टची छोटी नळी. पावडर थेट टाकीत फेकत नाहीत. बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, आणि वरचं निवळ तेवढंच टाकीत सोडायचं. अर्ध्या तासानं नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकले की पिवळा रंग येतो. आला तर क्लोरीन आहे, नाही आला तर नाही. चांगल्या टीसीएलमध्ये तिसरा हिस्सा क्लोरीन असतो, म्हणजे चारशे लिटरच्या टबात एक ग्रॅम पावडर सुमारे 0.8 पीपीएम देते. लोक बसणार असतील तर एकच्या खाली जाऊ देऊ नये, दोन-तीनच्या वर नेऊन डोळे चुरचुरवू नयेत. चिलर असेल तर चुन्याचा थर नळ्यांत बसतो, तिथे पावडरीऐवजी द्रवरूप हायपोक्लोराइट बरं. आणि टीसीएल व संडास धुवायचं ॲसिड एकाच बादलीत कधीही आणू नये, त्यातून निघणारा वायू गंमत करत नाही. कुणी म्हणेल, एवढं कशाला, तुरटी फिरवली की झालं. तुरटीनं गढूळपणा खाली बसतो, पाणी फोटोत सुंदर दिसतं, आणि जंतू तळाशी निवांत राहतात. त्यापेक्षा टबात उतरायच्या आधी साबणानं आंघोळ करणं कितीतरी जास्त काम करतं. इथे मात्र मोठा तात्त्विक पेच येतो: आंघोळ करून आलेला माणूस पुन्हा पाण्यात का बसतो? त्याचं उत्तर माहितीपत्रकात असेल.

शेवटचा आक्षेप कुणी मोठ्यानं बोलत नाही, पण तोच सर्वांत दणकट आहे. ‘घासायला गडी आहे ना.’ म्हणजे आखडलेले स्नायू मालकाचे, ते सैल व्हायचे, आणि आखडायचे गड्याचे. तोही चालवून घेऊ. पण तो गडी किंवा ती बाई बऱ्याचदा डोंगराकडच्या वाडीतून येते. डिंभं, माणिकडोह, पिंपळगाव जोगे ही धरणं ज्यांच्या उशाशी आहेत, त्याच वाड्यांना वैशाखात टँकरची वाट बघावी लागते. पाणी कालव्यानं पार करमाळ्यापर्यंत जातं, वर चढून वाडीत जात नाही. घरी हंडा वाचवणाऱ्या बाईला आठवड्याला चारशे लिटर गटारात सोडायला सांगताना मालकानं निदान पाइप झाडांकडे वळवावा. क्लोरीनचं पाणी दोन दिवस उघडं उन्हात राहू दिलं की बागेला चालतं.

एरवी या टबाचं भविष्य मला चांगलं दिसतं. नव्याचे नऊ दिवस जातील, दुसऱ्या उन्हाळ्यात चिलर बिघडेल, दुरुस्तीवाला पुण्याहून यायचे वेगळे पैसे मागेल, आणि टब ओट्यावरून निघून शेजारच्या गोठ्यात जाईल. इथे काहीच वाया जात नाही. गोठ्यातली बाई पहिल्याच दिवशी तो उलटा करून काथ्यानं खसाखसा घासेल, वाळवेल, आतून चुन्याचा हात मारेल म्हणजे शेवाळ धरणार नाही, आणि ताजं पाणी भरेल. पंधरा दिवसांनी पुन्हा चुना. म्हैस पाण्याला तोंड लावायच्या आधी हुंगते, आणि वास आला तर मान फिरवून उभी राहते.