टोकियोतलं खातं

जपानमध्ये परदेशी माणसाला बँक खातं नाकारते तेव्हाही कंबरेत वाकून नाकारते. त्यामुळे नवखा माणूस काम झालं अशाच समजुतीने बाहेर पडतो आणि नकार मिळाल्याचं त्याला रस्त्यावर आल्यावर उमगतं. यात बँकेचा आकस नसतो. तिची माणसाबद्दल काही तक्रार नसते. तक्रार असते ती त्याचे कागद एकमेकांशी जुळत नसल्याची.

पहिला कागद निवास-कार्डाचा. दीर्घ मुदतीच्या व्हिसावर आलेल्याला तो नारिता किंवा हानेदा विमानतळावरच मिळतो. राहायला जागा मिळाल्यावर 14 दिवसांच्या आत वॉर्ड ऑफिसात पत्ता नोंदवला, की तो कार्डाच्या पाठीवर उमटतो. इथवर सगळं सुरळीत. पुढे बँक फोन नंबर मागते, फोन कंपनी बँक खातं मागते आणि घरमालकाला दोन्ही हवं असतं. आधी लगीन कुणाचं, हे काही ठरत नाही. शिवाय परकीय चलनाच्या कायद्यानुसार परदेशी माणूस जपानमध्ये सहा महिने राहिल्यावर किंवा तिथे नोकरीला लागल्यावरच ‘रहिवासी’ गणला जातो. नोकरदार त्यातून लवकर सुटतो. विद्यार्थ्याला मात्र अनेक बँका ‘सहा महिन्यांनी या’ असं सुचवतात, अर्थात वाकूनच.

खरी परीक्षा नावाची. पासपोर्टवर आडनाव कुलकर्णी, पुढे स्वतःचं नाव आणि त्याला चिकटून वडिलांचं. एवढा ऐवज अर्जावरच्या चौकोनांत मावत नाही. बँकेचे व्यवहार कताकाना लिपीतल्या नावावर चालतात आणि त्या लिपीत कुलकर्णींचे ‘कुरुकारुनी’ होतात. हे एक वेळ सोसता येतं. पण वडिलांचं मधुकर हे नाव बँकेने एका तऱ्हेने लिहिलं आणि कंपनीच्या पगार विभागाने दुसऱ्या, तर महिनाअखेरीला पगार खात्याच्या दारावरून परत जातो. पैसे देणारा ओळखीचा, घेणारा ओळखीचा, आडवे येतात ते तीर्थरूप.

शिक्का हा पुढचा टप्पा. आता बऱ्याच बँका परदेशी माणसाची सही चालवून घेतात, काही अजून हांको म्हणजे नावाचा शिक्का मागतात. शंभर येनच्या दुकानात तानाका, सुझुकी यांचे शिक्के तयार मिळतात. कुरुकारुनींना तो करवून घ्यावा लागतो. रबरी शिक्का चालत नाही, कारण रबर दाबलं की ठसा बदलतो. एवढं जमलं की पासबुक बहुधा त्याच दिवशी हातात पडतं, कार्ड मात्र रजिस्टर टपालाने घरी येतं. टपालपेटीवर नाव चिकटवलेलं नसेल तर पोस्टमन ते इमानेइतबारे परत नेतो.

एकदा खातं उघडलं की त्याचे लाड सुरू होतात. एटीएममध्ये पासबुक सरकवलं की यंत्र आपणच पान उलटतं, नोंदी छापतं आणि पासबुक भरलं असेल तर काही ठिकाणी नवंही देतं. आपल्याकडे ‘प्रिंटर बंद आहे’ ही पाटी पाहत वाढलेला माणूस या यंत्रापुढे भक्तिभावाने उभा राहतो. काउंटर मात्र दुपारी तीनला बंद, आणि अवेळी पैसे काढले तर यंत्रही दक्षिणा घेतं.

ती दक्षिणा किती, हे व्याजाशेजारी ठेवल्यावर कळतं. 2016 मध्ये जपानच्या मध्यवर्ती बँकेने उणे व्याजदर आणल्यावर मोठ्या बँकांचा बचत खात्यावरचा दर 0.001 टक्क्यावर आला आणि 2024 पर्यंत तिथेच राहिला. म्हणजे दहा लाख येनवर वर्षाला दहा येन व्याज, आणि त्यातूनही सुमारे वीस टक्के कर कापलेला. त्या काळात रात्री एकदा 110 येन शुल्क भरून पैसे काढले, की करापूर्वीचं अकरा वर्षांचं व्याज संपलं. मार्च 2024 मध्ये उणे दर गेला आणि व्याज थोडं वाढलं. तरी त्यावर कुणी संसार मांडू नये.

घरी पैसे पाठवायचे तर ‘माय नंबर’ हा बारा आकडी क्रमांक लागतो आणि पैसे कशासाठी, हेही सांगावं लागतं. ‘आईला’ एवढं उत्तर पुरत नाही. आईने त्याचं काय करायचं, तेही हवं असतं. व्हिसा वाढला की नवं कार्ड बँकेला दाखवावं लागतं, नाहीतर व्यवहार अडतात. देश सोडताना खातं बंद करणं उत्तम. ते दुसऱ्याला वापरायला देणं किंवा विकणं हा गुन्हा आहे, आणि तिथे मात्र कुणी वाकत नाही.

तेव्हा जपानला निघालेल्याने सामानात लोणचं एक बाटली कमी घ्यावं, पण आपलं पूर्ण नाव कताकानात कसं लिहायचं ते एकदाच ठरवून कागदावर उतरवून ठेवावं आणि वॉर्ड ऑफिस, बँक, फोन कंपनी, पगार विभाग अशा सगळीकडे तोच कागद पुढे करावा.