व्यक्तकाका

सोसायटीच्या नामफलकावर त्यांचं आडनाव आहे, पण ते फक्त कुरियरवाल्यांच्या कामाचं. बाकी सगळे त्यांना व्यक्तकाका म्हणतात, अर्थात त्यांच्या माघारी. बँकेतून निवृत्त झाल्यावर कुणी योगासनं सुरू करतं, कुणी सोसायटीच्या कमिटीत शिरतं. काका फेसबुकवर व्यक्त व्हायला लागले. नोकरीत असताना काउंटरपलीकडच्या माणसाला ज्यांनी कधी धड ‘बसा’ म्हटलं नाही, ते आता अनोळखी माणसांना रोज हृदय उघडून दाखवतात.

काकांचं दुःख रात्री साडेनऊला येतं. जेवणं आटोपलेली असतात, मालिका संपत आलेल्या असतात, माणसं मोबाइल घेऊन आडवी झालेली असतात. भारताची मॅच असली की दुःख दुसऱ्या दिवसावर जातं. पहिली ओळ ठरलेली : ‘लिहू की नको, असा बराच विचार केला...’ दुसरीही ठरलेली : ‘सहानुभूती नको, फक्त मोकळं व्हायचंय...’ दुःख जितकं खोल तितकी टिंबं जास्त. भाऊबंदकीला सहा, मूळव्याधीला नऊ. सोबत फोटो : खिडकीचे गज, बाहेर पाऊस, कठड्यावर अर्धा कप चहा. हा चहा मी प्रत्यक्ष पाहिला आहे. काका तो फोटोपुरता अर्धा पितात आणि मनासारखा फोटो निघेपर्यंत गार झाला म्हणून काकूंकडे दुसरा मागतात. शेवटी तळटीप : ‘शेअर करायची असल्यास नावासह करावी.’

फेसबुकनेही काकांसारख्यांची सोय टप्प्याटप्प्याने केली. २००९ साली लाइकचं बटण आलं. तेव्हा कुणी ‘आज बाबा गेले’ असं लिहिलं की खाली लोक अंगठा उंचावायचे. बिचाऱ्यांकडे दुसरं काही नव्हतंच. फेब्रुवारी २०१६ मध्ये रडका चेहरा आला आणि २०२० च्या करोनाकाळात छातीशी बदाम कवटाळणारा पिवळा चेहरा. काकांचा हिशेब अजून बँकेतलाच. बदामवाला चेहरा म्हणजे मुदत ठेव, रडका म्हणजे बचत खातं, अंगठा म्हणजे चिल्लर. आणि नुसतं वाचून पुढे गेलेला तो थकबाकीदार. त्याला काका दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये गाठतात. ‘काल ऑनलाइन दिसलास. वाचलंस ना?’

खाली कमेंटा पडतात. ‘निःशब्द.’ ‘काळजी घ्या दादा.’ मुतखड्याच्या कळांचं सविस्तर वर्णन केलं, तर ‘अप्रतिम! पुस्तक काढाच.’ काका प्रत्येकाचे वेगवेगळे आभार मानतात, कारण तेवढ्यानेच कमेंटांचा आकडा दुप्पट होतो. त्यांना भीती वाटते ती ‘माझंही अगदी असंच झालं होतं’ या सुरुवातीची. त्यांच्या अँजिओप्लास्टीच्या पोस्टखाली जळगावच्या एका गृहस्थांनी आपली बायपास मांडली आणि सगळी गर्दी तिकडे वळली. काकांना रात्रभर झोप लागली नाही. त्यावरही पोस्ट आली.

काकांपुढे शंका काढायची सोय नाही. ते लगेच १९८६ सालचा दाखला देतात. अमेरिकेत जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनाला लागलेल्या घटनांबद्दल लिहायला बसवलं. ज्यांनी घटनेबरोबर आपल्या भावनाही लिहिल्या, त्यांच्या पुढच्या काही महिन्यांतल्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. गोष्ट खरी आहे. फक्त त्या पोरांना ते चारचौघांत मिरवायचं नव्हतं, आणि सोळाव्या मिनिटाला ‘कुणी काही म्हटलं का’ हेही बघायचं नव्हतं.

शास्त्र संपलं की साहित्य. ‘दया पवारांनी १९७८ मध्ये “बलुतं” लिहिलं, लक्ष्मण मान्यांनी १९८० मध्ये “उपरा” लिहिलं. मग मीच तेवढा तोंड दाबून बसू?’ त्या पुस्तकांत एका माणसाच्या तोंडून अख्खा समाज बोलत होता. काकांच्या तोंडून पार्किंगची पंधरा नंबरची जागा बोलते. ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘मी टू’ची लाट आपल्याकडे आली, तेव्हाही काकांनी ‘मीसुद्धा’ म्हणून लिहिलं. विषय होता, मॅनेजरने रजा नामंजूर केल्याचा. तेव्हा ज्या बायका खरंच बोलल्या, त्यांतल्या एका पत्रकार बाईंना अब्रुनुकसानीच्या खटल्यातून सुटायला फेब्रुवारी २०२१ उजाडला. बायकांनी सांगितलं आणि किंमत मोजली. काका सांगतात आणि वसूल करतात.

घराण्यात हे वाढतंय. पुतण्या हिंजवडीत असतो आणि त्याचं दुःख लिंक्डइनवर. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेतल्या एका कंपनीच्या प्रमुखाने माणसं कामावरून काढली आणि स्वतःचाच रडतानाचा फोटो टाकला, तेव्हा जगभर त्याचं हसं झालं. पुतण्या हसला नाही. फोटोत उजेड चांगला आलाय म्हणाला. आजीच्या तेराव्यानंतर त्याने लिहिलं, ‘पंगत वाढताना टीमवर्कबद्दल शिकलेल्या पाच गोष्टी.’ पहिली गोष्ट : मीठ आधी.

काकांच्या नातेवाइकांनी मात्र धसका घेतलाय. काका कुणाचं नाव घेत नाहीत. ‘नाव घेणार नाही, पण नाशिकच्या धाकट्या मेव्हण्यांनी वास्तुशांतीला जे केलं...’ एवढंच लिहितात. नाशिकला त्यांचे मेव्हणे एकच. लग्नाकार्यात काका पंगतीला बसले की आजूबाजूच्या पाटांवर एकदम हवापाण्याच्या गप्पा सुरू होतात.

एकदा त्यांनी लिहिलं, ‘दोन दिवस घशाखाली घास उतरत नाही...’ तिसऱ्या मजल्यावरच्या आजी कासावीस होऊन मुगाची खिचडी घेऊन धावल्या. दार उघडंच होतं. काका दुसऱ्या मिसळीवर रस्सा ओतून घेत होते. रात्री साडेनऊला पोस्ट : ‘दुःखी माणसाने दोन घास खाल्लेलेही समाजाला बघवत नाहीत...’ खिचडीचा उल्लेख नव्हता. तीही त्यांनी संपवली होती.

पण काकांची हुकमी पोस्ट रिक्षावाल्याची. दर जून महिन्यात फेसबुक आठवण करून देतं आणि काका ती नव्याने टाकतात. १९९३ सालची मध्यरात्र, ठाण्यात धो धो पाऊस, आणि रिक्षावाल्याने दीड रुपया परत दिला नाही. वर म्हणाला, ‘साहेब, उतरा आता.’ ‘प्रश्न दीड रुपयाचा नव्हता, माणुसकीचा होता...’ टिंबं अकरा. लोक दर वर्षी तितकेच हळहळतात.

या सगळ्यात काकू कुठे असतात? काकूंचं खातं आहे, पण त्या फारसं लिहीत नाहीत. काका आतून किती तुटलेत हे त्यांना इतरांबरोबरच कळतं, बहुतेक वेळा वाण्याच्या दुकानात. त्यांची कमेंट पडलीच तर ‘गॅस बंद केला का?’ अशी.

यंदाच्या जूनमध्ये रिक्षावाला पुन्हा आला, आणि दुसऱ्या दिवशी रात्री साडेनऊला काकूंची पोस्ट पडली. ना टिंबं, ना खिडकी. ‘ह्यांच्या रिक्षाची गोष्ट तुम्ही वाचलीत. त्या रिक्षात मीही होते. मला कळा सुरू झाल्या होत्या म्हणून आम्ही हॉस्पिटलला निघालो होतो. हे सुट्ट्या पैशांवरून भांडत राहिले. शेवटी रिक्षावाल्यानेच मला हात धरून पायऱ्या चढवल्या. चाळीस मिनिटांनी थोरली झाली. क्रमशः.’

मध्यरात्रीपर्यंत काकांच्या साऱ्या मुदत ठेवी काकूंच्या खात्यात वळत्या झाल्या होत्या. ‘निःशब्द’वाले तिथे परिच्छेदच्या परिच्छेद लिहीत होते. नाशिकच्या मेव्हण्यांनी पोस्ट शेअर केली, नावासह.

सकाळी काका माझ्याकडे आले. ‘तू शिकलेला आहेस, तूच सांग तिला. घरातल्या गोष्टी अशा चव्हाट्यावर मांडायच्या? काही गोष्टी मनातच ठेवायच्या असतात रे.’

मी त्यांच्याबरोबर वर गेलो. काकू डायनिंग टेबलाशी बसून टाइप करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘अहो, तो चार्जर द्या जरा. भाग दोनमध्ये तुमच्या आई आल्यात.’