अलिबागहून बोलतेय

"मॅडम, आपण कुठून बोलताय?" मदतकेंद्रावरच्या मुलीनं विचारलं.

"अलिबागहून," मी म्हणाले.

पलीकडे क्षणभर शांतता, मग खोकल्यासारखा एक आवाज. मुलगी मराठी आहे हे मी तिथेच ओळखलं. 'मी काय अलिबागहून आलोय का?' हे वाक्य लहानपणापासून ज्यांच्या कानावरून गेलंय, त्यांनाच या उत्तरावर खोकला येतो. २०१९ साली आमच्याकडचे एक गृहस्थ या वाक्यावर बंदी घाला म्हणून थेट मुंबई उच्च न्यायालयात गेले होते. विनोद सगळ्यांवरच होतात, मनाला लावून घेऊ नका, अशा अर्थाचं सांगून न्यायालयानं याचिका फेटाळली. तेव्हा मी त्या गृहस्थांच्या बाजूची होते. पण जिनं आपल्या लॅपटॉपची किल्ली आपणच हरवली आणि ती शोधायला कुठल्याशा गावच्या मुलीला फोन लावला, तिला या विषयावर फार ताठ मानेनं बोलता येत नाही.

झालं होतं असं. एका सकाळी लॅपटॉप उघडला तर पडदा निळा, आणि त्यावर मागणी: ४८ आकड्यांची किल्ली द्या. चार नाही, सहा नाही, अठ्ठेचाळीस. रात्रीतून त्यानं आपलं आपण काहीतरी अद्ययावत करून घेतलं होतं आणि सकाळी तो मला ओळखेनासा झाला होता. आत माझी एक फाइल होती, तिचं नाव 'सगळे पासवर्ड'. पेन्शनचा, बँकेचा, आयकराचा, विजेच्या बिलाचा. कपाटाची किल्ली कपाटात ठेवून दार ओढून घेणाऱ्या बायका मी पाहिल्यात. त्यांना हसलेसुद्धा आहे.

"ती किल्ली आमच्याकडे नसते, मॅडम," मुलगी म्हणाली. "ती तुमच्याकडे असते. नाहीतर तुमच्या खात्यात."

खरं होतं तिचं. आतला मजकूर गणितानं इतका घुसळून टाकलेला असतो की ती एक किल्ली सोडली तर घुसळण उलटी फिरवायचा मार्गच नाही. बाजारात किल्ल्या बनवणारा बसतो त्याला साबणावरचा ठसा दाखवला की तो कानस घेतो आणि आपला चहा संपेपर्यंत किल्ली हातात देतो. इथे कानस चालवायची कशावर?

राहिलं खातं. आपल्याकडे जुन्या कागदाच्या माथ्यावर शिक्का असे आणि शेवटी मोर्तब. दोन्ही असले तरच कागद खरा. आता पासवर्ड हा शिक्का आणि ओटीपी हे मोर्तब. माझा शिक्का 'सगळे पासवर्ड'मध्ये बंद होता आणि मोर्तब जात होतं दोन वर्षांपूर्वी बंद केलेल्या सिमकार्डावर. मग खात्यानं शेवटची सवलत म्हणून एक प्रश्न विचारला, जो कधीकाळी मीच निवडला होता: तुमचा जन्म कोणत्या जिल्ह्यात झाला?

आता यात अवघड काय? पण मी जन्मले तेव्हा हा जिल्हा कुलाबा होता. १९८१च्या १ जानेवारीपासून तो रायगड झाला. खातं उघडताना मी सत्याला धरून राहिले होते की शासनाला, ते आठवेना. रायगड लिहिलं, चूक. कुलाबा लिहिलं, चूक. मग इंग्रजीत कुलाब्यातला 'कु' यू घालून की ओ घालून, हा विचार सुरू झाला. ज्या गावाला स्वतःच्या नावात शेवटच्या जीच्या आधी यू घालायचा की नाही हे अजून ठरवता आलेलं नाही, तिथल्या बाईनं असला प्रश्न निवडायलाच नको होता. तिसऱ्या चुकीला खात्यानं मला उद्या या म्हणून सांगितलं.

कुलाब्याचा घोळ तसा जुनाच. मुंबईत कुलाब्याला चुंबकीय वेधशाळा होती. शहरात विजेच्या ट्राम यायच्या होत्या आणि त्यांच्या प्रवाहानं चुंबकसुया बिथरणार होत्या, म्हणून १९०४ साली अलिबागला नवी वेधशाळा सुरू केली. म्हणजे ती कुलाब्याहून निघाली आणि कुलाबा जिल्ह्यात उतरली. संचालक होते नानाभाई मूस. सुयांना भुलवणारं लोखंड बांधकामात वापरलं नाही. जिथे किल्ल्यांचा जुडगा नकोसाच आहे अशी ती जागा मला फार जवळची वाटते. पण मूससाहेबांची खरी थोरवी वेगळीच. दोन वर्षं त्यांनी दोन्ही ठिकाणी नोंदी घेतल्या, एकमेकींशी ताडून पाहिल्या आणि मगच मुंबईचं काम थांबवलं. जुनी किल्ली टाकण्याआधी नवी लागते का ते पाहिलं. सिमकार्ड बदलताना मी हे केलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

घर शोधलं. शोधताना जे सापडतं ते नेहमी दुसरंच असतं. कुलपं कधीच गेलेल्या अकरा किल्ल्या सापडल्या. माळ्यावरच्या जुन्या लॅपटॉपच्या पोटावर पंचवीस अक्षरी किल्लीची चिकटपट्टी होती. खाऱ्या हवेनं त्यातली सात अक्षरं ठेवली होती, बाकीची चाटून नेली होती. एका पुस्तकातून दहा राखीव कोडांचा छापील कागद पडला. प्रत्येक कोड आठ आकड्यांचा आणि एकदाच वापरायचा. तीनांवर मी शिस्तीत काट मारलेली होती, पण ते कोणत्या खात्याचे हे मात्र कुठेही लिहिलेलं नव्हतं. सात तिकिटं हातात, गाडी कुठली ते माहीत नाही.

पुण्याहून भाच्यानं फोनवर धीर दिला. "मावशी, वेल्समधल्या न्यूपोर्टच्या जेम्स हॉवेल्सची हार्ड डिस्क २०१३ साली कचऱ्यात गेली. तिच्यात हजारो बिटकॉइनची किल्ली होती. कचरा उकरू द्या म्हणून तो बारा वर्षं भांडला आणि २०२५च्या जानेवारीत न्यायालयानं त्याला नाही म्हटलं. तुझं तर नुसतं विजेचं बिल अडकलंय." दुसऱ्याचं मोठं दुःख दाखवून आपलं लहान करायची ही रीत आमच्या घराण्यातच आहे. तिचा उपयोग कधीच होत नाही.

संध्याकाळी समुद्रावर जाऊन बसले. समोर कुलाबा किल्ला. शिवाजी महाराजांनी १६८०मध्ये त्याचं काम सुरू करवलं, संभाजी महाराजांच्या काळात ते पुरं झालं, आणि पुढे कान्होजी आंग्र्यांनी इथूनच साऱ्या कोकणपट्टीच्या पाण्यावर अंमल बसवला. त्यांचं दस्तक जवळ नसलेलं गलबत या पाण्यातून सुखानं जात नसे. या किल्ल्याला दरवाजा आहे, पण किल्ली समुद्राकडे. ओहोटीला वाळूतून चालत जा, घोडागाडीतून जा. भरतीला काठावर बसून बघा. पर्यटक दुपारी येतात, पाणी बघतात आणि फोनमध्ये तोंड घालतात.

आमच्याकडे मासळी घेऊन येतात त्या मावशींना फोन लागत नाही. सकाळीच म्हणाल्या होत्या, "बाई, आज आठम ना? मग बारा वाजता सुकती." हिशेब साधा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. आठ पाऊणे सहा, म्हणजे अष्टमीला सहाची भरती, आणि त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. पुनवेला, अवसेला भरती दुपारच्या सुमाराला. घड्याळाच्या काट्याला काटा लागत नाही, पण होडी लोटायला पुरे. माझ्या वडिलांच्या पिढीला शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी घोकून घेत. मी बत्तीस वर्षं गणित शिकवलं आणि मला पाऊणकी येत नाही. मावशी शाळेत गेलेल्याच नाहीत, त्यांना येते. ही किल्ली त्यांनी कुठे लिहून ठेवलेली नाही, तेव्हा ती हरवायचीही नाही. चंद्राकडे बघून रोज नवी घडवायची.

हरवलेलं खातं परत मिळाल्याची आमच्या तालुक्यातली सगळ्यात मोठी गोष्ट मात्र जवळच्या नवगावची. बेने इस्राएल लोकांची परंपरा सांगते की फार पूर्वी तिथल्या किनाऱ्याजवळ त्यांच्या पूर्वजांचं गलबत फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. पोथ्या, धर्मग्रंथ, सगळं समुद्रात. वाचलेल्यांचे वंशज गावोगाव पांगले, तेलाचे घाणे चालवू लागले, मराठी झाले. किहीमचा तो किहीमकर, पेणचा तो पेणकर. हिब्रू विसरली. उरली ती 'शेमा' ही एक प्रार्थना आणि काही सवयी. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. शेकडो वर्षं हे लोक कोण, ते जगाला माहीत नव्हतं आणि त्यांनाही धड सांगता येत नव्हतं.

मग डेव्हिड रहाबी नावाचा एक यहुदी गृहस्थ आला. कोणत्या शतकात, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. हे आपलेच का, असा त्याला संशय आला. त्यानं कुलवृत्तान्त मागितला नाही, आईचं माहेरचं नाव विचारलं नाही, जन्मजिल्हा तर नाहीच नाही. त्यानं म्हणे घरातल्या बायकांपुढे निरनिराळे मासे ठेवले आणि रांधायला सांगितलं. बायकांनी खवले आणि पर असलेले तेवढे उचलले, बाकीचे बाजूला सारले. हे आम्ही खात नाही. का खात नाही, ते त्यांना ठाऊक नव्हतं. पण जिताडा चालतो आणि शिंगाळा चालत नाही हे हाताला ठाऊक होतं. रहाबीची खात्री पटली. इतका चांगला सुरक्षाप्रश्न मी अजून कुठल्या खात्यावर पाहिलेला नाही.

गावातल्या इस्राएल आळीत १८४८ साली बांधलेलं त्यांचं मागेन अबोथ सिनेगॉग आहे. बहुतेक घरं आता इस्राएलला गेली. हाईम सॅम्युएल किहीमकरांनी या साऱ्याचा इतिहास १८९७मध्ये लिहून पुरा केला आणि तो छापून झाला १९३७ साली, तेल अवीवला. चाळीस वर्षं बाड सांभाळून ठेवणारं कोणीतरी होतं, याचं मला त्या दिवसांत फार कौतुक वाटलं.

घरी परत येताना वाटलं, डोक्याला पुष्कळ विचारून झालं, आता हाताला विचारून पाहावं. महत्त्वाचा आकडा दिसला की माझा हात काय करतो? याचं उत्तर घरातला कोणीही देईल. कालनिर्णयवर लिहितो. दुधाचे खाडे, गॅसची तारीख, नळवाल्याचा नंबर, सगळं तिथेच. आणि महिना संपला की ते पान कुठे जातं? फडताळात, डब्यांच्या खाली अंथरायला.

फडताळ उपसलं. हिंगाच्या डबीखाली एक मार्च, पापडांखाली दोन जून. तेलाच्या डब्याखाली एक नोव्हेंबर निघाला आणि त्याच्या मागच्या बाजूला, कुठल्याशा वड्यांच्या कृतीच्या कडेनं, माझ्या अक्षरात सहा-सहा आकड्यांचे आठ गट. वर शीर्षक, 'जपून ठेवणे'.

जपणूक तेलानं केली होती. एका गटाच्या मधोमध गोल डाग: चार, आठ, तीन, मग डाग, मग सात, दोन. कागद उजेडासमोर धरला, पीठ भुरभुरलं, टिपकागद लावला. डाग हलला नाही.

भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मावशी, या किल्लीतल्या प्रत्येक गटाला अकरानं नि:शेष भाग जातो. मुद्दामच तशी केलेली असते. टंकताना एखादा आकडा चुकला किंवा शेजारशेजारचे दोन उलटसुलट पडले तर यंत्राला तिथल्या तिथे कळतं."

अकराची कसोटी! इतकी वर्षं सहावीच्या पोरांना ती मी शिकवली आणि इतकी वर्षं कोणीतरी मागच्या बाकावरून विचारलं, "बाई, याचा उपयोग काय?" एकाआड एक आकड्यांच्या बेरजा घ्यायच्या. चार, तीन, सात, चौदा. आठ, दोन, दहा, अधिक डाग. दोन्हींतला फरक शून्य किंवा अकराच्या पटीत हवा. डाग म्हणजे चार. दुसरं उत्तर संभवतच नाही. (गट खराच सांगितलाय. उरलेले सात नसतील तर चोराला त्याचा उपयोग नाही, आणि सात मिळवायचे तर त्याला माझं फडताळ उपसावं लागेल.)

अठ्ठेचाळीस आकडे एकेक करून घातले, पडद्यानं जरा विचार केला आणि मला घरात घेतलं. विजेचं बिल दंडासह भरलं. मदतकेंद्रावरच्या मुलीलाही कळवावंसं वाटलं, पण तिचा नंबर मी कुठे लिहिला ते आठवेना.

नोव्हेंबरचं पान कुठे ठेवायचं यावर बराच खल झाला. बँकेच्या लॉकरमध्ये, भाचा म्हणाला. लॉकरची किल्ली कुठे असते, असं मी विचारल्यावर तो गप्प बसला. पान पुन्हा तेलाच्या डब्याखाली अंथरलंय. निदान कुठे आहे ते आता माहीत आहे. एका गटात एक आकडा गेला तर काढता येतो. दोन गेले तर नऊदहा शक्यता उरतात, असा भाच्याचा हिशेब. म्हणून हल्ली तेल काढताना डबा जरा बेतानंच कलता करते.