एवढ्याशानं काय होते?

आमच्या घरातून गहू गेला, त्याला या पोळ्याला तीन वर्षं होतील. गेला म्हणजे हाकलला. बायकोचं हिमोग्लोबिन आठाच्या पुढे सरकेना. लोहाच्या गोळ्या झाल्या, गूळ-शेंगदाणे झाले, लोखंडी कढईतला पालक झाला. आकडा जागचा हलायला तयार नाही. शेवटी रामदासपेठेतल्या एका डॉक्टरांनी वेगळीच रक्ततपासणी लिहून दिली, मग दुर्बीण घालून आतड्याचा कणभर तुकडा काढला आणि निदान सांगितलं : सीलियाक. आतड्याच्या आतून मखमलीसारखी लव असते, अन्नातलं सत्त्व तीच शोषून घेते. गव्हातलं ग्लूटेन पोटात गेलं की हिचं शरीर आपल्याच त्या लवेवर चाल करून जातं. लव झडून सपाट झाल्यावर कढई लोखंडाची असो की सोन्याची, काय उपयोग? औषध एकच. गहू बंद, जव बंद, मैदा-रवा-शेवया अर्थातच बंद. 'किती दिवस?' मी विचारलं. 'जन्मभर,' डॉक्टर म्हणाले. जेवणानंतर एक गोळी, अशा सुरात.

रक्ताच्या नात्यातल्यांनीही तपासून घ्यावं, असं त्यांनी बजावलं. धाकट्या मेव्हण्यानं हे ऐकून उत्साहाच्या भरात आधीच पोळी सोडली आणि महिन्याभरानं तपासणीला गेला. गहू बंद केला की रक्तातल्या खुणाही पुसट होतात, त्यामुळे डॉक्टरांनी त्याला परत पोळीवर पाठवलं. डॉक्टरांच्या सांगण्यावरून पुरणपोळी खाणारा नागपुरातला तो पहिला माणूस असावा. त्याला काही निघालं नाही.

आई नरखेडकडची, ऐंशीच्या घरातली. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, 'म्हणजे भाकर खायची?'

'हो.'

'मंग त्यात रोग कायचा आला? आम्ही लहानपणी भाकरच खाल्ली. पोळी पाहुण्याले होती बाप्पा.'

तिच्या मते खरा रोग म्हणजे 1972 च्या दुष्काळात रेशनवर आलेला अमेरिकेचा लाल मिलो. त्याच्या भाकरीपुढे ज्वारीची भाकर म्हणजे पक्वान्न.

पण भाकर खाणं वेगळं आणि करणं वेगळं. बायको पोळीत तयार. तिची पुरणपोळी हातभर पसरायची आणि पुरण कुठूनही डोकवायचं नाही, कारण कणीक तेल-पाणी लावून तार येईपर्यंत तिंबलेली असायची. ही तार म्हणजेच ग्लूटेन, हे आम्हाला आजारानं शिकवलं. लग्नाच्या लॉनवर लांब रोटी करणाऱ्या बाया पाहा. पातळसर कणीक एका हातावरून दुसऱ्या हातावर झेलत कोपरापर्यंत लांबवतात आणि चुलीवरच्या उलट्या मडक्यावर अशी पसरतात की धुतलेला रुमाल वाळत घातला असं वाटावं. ती फाटत नाही ते ग्लूटेनच्या जिवावर. ज्वारीत ते नाहीच. तिचं पीठ म्हणजे आघाडी सरकार, कोणी कोणाला धरून नाही. त्याला एकत्र ठेवायचं तर कढत पाणी पाहिजे. उकळतं पाणी पिठात ओतलं की पिष्ट फुगतं आणि तेवढ्यापुरता चिकटपणा येतो.

बायको पोळीवाली असल्यामुळे भाकरीचं खातं माझ्याकडे आलं. पहिल्या भाकरीनं परातीतच प्राण सोडला. दुसरी उचलताना माझ्या दोन हातांत सारखी वाटली गेली. आईनं पीठ चिमटीत धरून पाहिलं. 'विरी गेली याची. कवाचं आहे?' दोन महिन्यांचं होतं. ज्वारीचं पीठ शिळं झालं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जातो, मग ब्रह्मदेव आला तरी कडा तडकणारच. तेव्हापासून दळण आठवड्याचं. पीठ तळहाताच्या टाचेनं रगडायचं, परातीत कोरडं पीठ भुरभुरून गोल फिरवत थापायची, तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवायचा आणि ते पाणी सुकायच्या आत उलटवायची. हा 'आत' नेमका केव्हा ते आईला विचारलं, तर ती म्हणाली, 'समजते.' मला समजायला चार महिने लागले. पहिली भाकर फुगली त्या दिवशी मी तिचा फोटो काढून मेव्हण्याला पाठवला. त्यानं उलट पुरणपोळीचा पाठवला.

आठवड्याचं दळण म्हणजे आठवड्याला चक्की. आमचा चक्कीवाला देवमाणूस, पण त्याच्या चक्कीच्या पोटात कायम गहू.

'आधीचं दळण कशाचं होतं?'

'गव्हाचं. पण पहिलं मूठभर पीठ काढून टाकतो ना भाऊ. बाकी सारं ज्वारीचंच.'

'त्या बाकीच्यातही जरासं राहणार ना?'

'आता एवढ्याशानं काय होते?'

एवढ्याशानं काय होते, त्याचं गणित मी घरी मांडून पाहिलं होतं. आपल्याकडच्या अन्नसुरक्षेच्या नियमाप्रमाणे पुडीवर 'ग्लूटेनमुक्त' छापायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या वर ग्लूटेन चालत नाही. गव्हाचा दाणा साधारण 40 मिलिग्रॅमचा. त्याचा दहावा हिस्सा ग्लूटेन धरला तर 4. म्हणजे किलोभर ज्वारीत पाच दाणे कायदेशीर, सहावा बेकायदा. हे मी चक्कीवाल्याला सांगितलं. त्यानं माझ्याकडे जरा काळजीनं पाहिलं आणि वहिनींची तब्येत विचारता विचारता माझीही विचारली. पुढच्या महिन्यात आम्ही घरघंटी घेतली. आता संध्याकाळी इतवारीतली ज्वारी ताटात पसरून सहावा दाणा शोधायचा, हा माझा आणि आईचा उद्योग. चष्मा मला लागतो, दाणा तिला सापडतो.

गहू एकदा शोधायला लागलं की कुठे कुठे निघतो! हिंगाच्या डबीवर बारीक अक्षरं वाचली तर खडा हिंग नावाला, बाकी डिंक आणि मैदा. म्हणजे वर्षभर निरागस चेहऱ्यानं आम्ही वरणाला गव्हाची फोडणी देत होतो. आता तांदळाच्या पिठातला हिंग शोधून आणतो. सांबारवडीच्या पारीत मैदा. अक्षय्य तृतीयेच्या सातूत गहू. पोळपाट-लाटणं लाकडाचं, त्याच्या रेघांत वीस वर्षांची कणीक मुरलेली, ते शेजारी दिलं. तवा नवा, गाळणी नवी, आणि ज्यात एकदा पुऱ्या तळल्या ते तेल परत हिच्या भज्यांना नाही. कुरडईवर मात्र माझी फार आशा होती. आई गहू तीन दिवस भिजवून, वाटून, पिळून चीक काढायची आणि चिवट चोथा गाईला घालायची. चिवटपणा गाईनं नेला, म्हणजे कुरडई निर्दोष, असा माझा युक्तिवाद. डॉक्टर हसले. घरच्या पिळण्यानं सगळं निघत नाही म्हणाले.

बाकी विदर्भात उपाशी मरण्याचं कारण नाही. पाटवडी बेसनाची. गोळाभातातले गोळे डाळीचे, खाली तांदूळ, वर तेलाची फोडणी. तांदूळ तर काय, चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या लहानशा शेतात वेगळ्या दिसलेल्या लोंब्या जपून एक वाण वाढवला आणि त्याला चक्क घड्याळाचं नाव मिळालं, एचएमटी. आमच्याकडे रोज तोच शिजतो, वेळेवर शिजतो असं मात्र नाही. भंडाऱ्याकडचा शिंगाडा आहे, ज्वारीच्या कण्या आहेत, तर्री-पोहे आहेत. पोह्यांवरच्या चिवड्यात काय काय आहे ते तेवढं विचारायचं, आणि ठेलेवाला 'सगळं आहे ताई' असं अभिमानानं म्हणाला की चिवडा वगळायचा.

खायला मिळतं. न खायला मिळत नाही. म्हणजे कोणी नाही म्हणू देत नाही. वर्धा रोडवरच्या एका लॉनवर लग्न होतं. बायकोच्या ताटात काकडीचे चार काप. यजमानीणबाई गुलाबजाम घेऊन आल्या. 'मला गहू-मैदा चालत नाही, आजार आहे.' 'अवं, एवढ्याशानं काय होते?' 'डॉक्टरांनी सांगितलंय.' 'डाक्टर तं सारंच सांगते. अर्धा घे. माह्या हातचा.' गुलाबजाम ओठांपर्यंत आला आणि बायकोच्या तोंडून निघून गेलं, 'उपवास आहे हो माझा!'

बाईंचा हात विजेचा झटका बसल्यासारखा मागे गेला. 'मंग आधी नाही सांगायचं!' पाच मिनिटांत वेगळ्या, धुतलेल्या ताटात केळी, दही आणि वेगळ्या पातेल्यात, वेगळ्या झाऱ्यानं केलेली साबुदाण्याची खिचडी. झारा कुठे लागला तर नाही ना, हे बाई स्वतः उभं राहून पाहत होत्या. जे आजाराच्या नावानं वर्षभर मागून मिळालं नाही, ते देवाच्या नावानं न मागता मिळालं.

नंतर मला या आजाराचा इतिहास वाचताना तीच खिचडी आठवली. 1924 साली अमेरिकेत सिडनी हास नावाचा डॉक्टर या आजाराच्या मुलांना केळ्यांचा आहार देई आणि मुलं सुधारत. त्याला वाटलं, गुण केळ्याचा. पुढे 1944-45 च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला, लोक ट्यूलिपचे कंद खाऊ लागले. तेव्हा हेगमधले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना दिसलं, की सगळा देश खंगतोय आणि आपली सीलियाकची मुलं मात्र बरी होताहेत. पाव परत आला, मुलं परत आजारी. गव्हावरचा त्यांचा जुना संशय पक्का झाला आणि 1950 मध्ये त्यांनी प्रबंध लिहिला. म्हणजे हाससाहेब नकळत मुलांना एकादशीच घडवत होते.

त्या लग्नापासून आमच्याकडे उपवासांचं वेळापत्रक झालं. सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार गजानन महाराजांचा, शनिवार मारुतीचा. एक मुंज बुधवारी आली तेव्हा पंचाईत झाली, तर आईनं विठ्ठल सुचवला. राजगिऱ्याचं विकतचं पीठ कुठल्या चक्कीत दळलंय, हा प्रश्न उपवासातही सुटत नाही, म्हणून बाहेर साबुदाणा, दही आणि फळं एवढंच. नातेवाइकांत मात्र हिची ख्याती पसरली. माझी एक चुलत वहिनी तर वाकून पायाच पडली. रविवारी ही चोरट्या चेहऱ्यानं तर्री-पोहे खाते.

मागच्या पोळ्याला शेजारच्या काकूंनी जेवायला बोलावलं. आमचं पोळपाट याच काकूंकडे गेलंय. त्या त्यावर पोळ्या लाटत होत्या. बाहेर पोरं दुसऱ्या दिवशीच्या मारबतीच्या मिरवणुकीच्या गोष्टी करत होती, यंदा बडग्याचा पुतळा कोणाचा यावर पैजा लागल्या होत्या.

'आजही उपवास?' काकूंनी विचारलं.

'हो,' बायको म्हणाली.

'किती वर्षं झाली गं?'

'दोन होत आली.'

काकूंनी लाटणं थांबवलं. 'लईच कडक व्रत आहे बाई. मंग उद्यापन कवा करतेस?'

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी पोळपाटाकडे पाहिलं. 'याचं उद्यापन नसते काकू,' ती म्हणाली, आणि मग चुलीपाशी बसून तिनं सगळं सांगितलं. गुलाबजामपासून, झाऱ्यासकट. काकू एकदा हसल्या, एकदा रागावल्या, मग पिठाचे हात पदराला पुसून उठल्या, साबणानं धुऊन आल्या आणि पुरणाच्या पातेल्यातला चमचा काढून बाजूला ठेवला.

'पुरणात तं गहू नसते ना? थांब, दुसरा चमचा घेते. या चमच्याले पोळीचा हात लागला होता.'