डोंबिवलीचा आकडा, डनेडिनचा माणूस

न्यूझीलंडमधल्या डनेडिनचे चढ चढताना दम खायला काहीतरी सभ्य निमित्त लागतं. मी उभ्या मोटारींचे नंबर वाचतो. हल्लीच्या पाट्यांवर तीन अक्षरं आणि तीनच आकडे, म्हणजे करमणूक बेताचीच. पण याच गावात १८९५ साली जन्मलेल्या गणिती अलेक्झांडर एटकिन यांना तेवढीही पुरायची. ७३१ नंबरची मोटार समोरून गेली, तर ते सतरा गुणिले त्रेचाळीस आहेत हे नको म्हटलं तरी दिसतंच, असं ते सांगत. शाळेत त्यांना आधी गणिताची फारशी गोडी नव्हती. मग एके दिवशी मास्तर म्हणाले, ४७ चा वर्ग हवा ना? तीन मिळवा, तीन वजा करा. पन्नास गुणिले चव्वेचाळीस झाले २२००, त्यात तिनाचा वर्ग घाला, २२०९. पोराच्या डोक्यात दिवा लागला तो कायमचा. आमच्या आजोबांनी पावकी, निमकी, औटकी घोकली, पण त्यांना त्यातली फक्त छडी आठवायची.

माझा स्वतःचा म्हणावा असा मोठा आकडा एकच, आणि तो डोंबिवलीचा. नऊ एकं ओळीनं मांडून त्या संख्येचा वर्ग करा: १२३४५६७८९८७६५४३२१. चाकरमान्यासारखा पायरी-पायरीनं नवापर्यंत जातो आणि संध्याकाळी तीच स्टेशनं उलटी मोजत घरी येतो. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांना अशा संख्या सुचल्या त्या डोंबिवली स्टेशनात. त्याच्या ‘डेम्लो’ या जुन्या नावावरून त्या डेम्लो संख्या झाल्या. ज्या फलाटावर आम्हाला पाय टेकायला जागा नसे, तिथे या माणसाला संख्या भेटत होत्या! या आकड्यातल्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ नं त्याला निःशेष भाग जातो. अशा संख्यांना कापरेकर हर्षद म्हणत. पगारपत्रकाबाहेरचा आकडाही हर्ष देतो, हे एका शाळामास्तरांनी सांगावं!

एटकिनना मात्र आकड्यांनी नुसता हर्षच दिला असं नाही. १९१६ साली फ्रान्सच्या आघाडीवर त्यांच्या प्लाटूनची हजेरीवही हरवली, तेव्हा त्यांनी एकेका शिपायाचं पूर्ण नाव आणि नंबर तोंडपाठ सांगितला. त्या नंबरांचे अवयव पाडायचे नव्हते. कोण परत आलं आणि कोण नाही, एवढंच पाहायचं होतं. त्याच स्मरणशक्तीनं त्यांना पुढे युद्ध विसरूही दिलं नाही.

एडिंबरोत प्राध्यापक झाल्यावरही खोड गेली नाही. कुणी १९६१ साल उच्चारलं, की ते ३७ गुणिले ५३; शिवाय ४४ आणि ५ यांच्या वर्गांची बेरीज; शिवाय ४० आणि १९ यांच्याही. माझ्या डोंबिवलीकराला तर ३७ नं दोनदा भाग जातो. हे दोघं जन्मले दहा वर्षांच्या अंतरानं. त्या फलाटावर एका बाकावर बसले असते, तर ख्यालीखुशाली राहिली असती बाजूला आणि ३७ वरून कापरेकरांची गाडी नक्की चुकली असती. त्या काळी पुढची गाडी लवकर नसायची, हे एक बरं.